स्क्रीनवर अक्षरं येत होती, तरी म्हणे बोर्ड गेला

जिंतूर तालुक्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. हरभऱ्याच्या पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. कॉम्प्युटर फार हळू चालत होता म्हणून रात्री मीच पेनड्राइव्हने विंडोज १० नव्याने टाकली. रात्री व्यवस्थित चालली. पहाटे लाइट गेली, ती नऊला आली. चालू करतो तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे सुरू करायला विंडोजच सापडत नाही. बाहेर सातबारा, आधार घेऊन माणसं बसलेली.

कॅबिनेट मोटारसायकलला बांधून परभणी गाठली. दुकानदाराने झाकण काढून आतला मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट जोडलेला मुख्य बोर्ड, वरवर बघितला. “काका, बोर्ड गेलाय. विंडोज टाकताना शॉर्ट झाला असंल. सेकंडहँड टाकून देतो, साडेपाच हजार.” विंडोज टाकून बोर्ड शॉर्ट होत नसतो, हे मला आज कळतं. त्या दिवशी डोक्यात फक्त विमा होता. दुसऱ्या दिवशी रात्री मशीन मिळाली. जुना बोर्ड मागितला तर “भंगारात गेला” म्हणाला. पावती म्हणून वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली.

बारा दिवसांनी लाइट गेली आणि परत तीच ओळ! नांदेडला शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, डिलीट दाबून बायोसमध्ये जा, तारीख बघा.” बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम. तिथे तारीख २०१२ ची. बोर्डावरचा सेल उतरला होता. सेल उतरला की लाइट गेल्यावर बायोस सगळ्या सेटिंग विसरतं. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या दोन पद्धती, म्हणजे बूट मोड, असतात: नवी यूईएफआय आणि जुनी लेगसी. विंडोज मी यूईएफआयमध्ये टाकलेली, बोर्ड मात्र आपल्या मूळच्या लेगसीवर गेलेला, म्हणून डिस्कवरची विंडोज त्याला सापडतच नव्हती. बूट मोड यूईएफआय केला, एफ१० दाबून सेव्ह केलं, विंडोज सुरू. सीआर२०३२ सेल तीस रुपयांना मिळाला.

तो बसवायला झाकण काढलं आणि रॅमच्या खाचेशेजारी पालीच्या अंड्याचं पांढरं टरफल दिसलं. दिवाळीत ब्लोअरने धूळ काढताना मीच ते बघितलं होतं, घट्ट चिकटलं होतं म्हणून खरवडलं नव्हतं. बोर्ड तोच होता. दुकानदाराने फक्त सेटिंग बदलून पैसे घेतले होते.

स्क्रीनवरची ती ओळ बोर्डच दाखवत असतो. बोर्ड पार मेला असता तर एक अक्षरही उमटलं नसतं. म्हणून कुणी बोर्ड गेला म्हणालं तर आधी तारीख आणि बूट मोड बघा. मशीन देण्याआधी झाकण काढून बोर्डाचा आणि त्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो घ्या, बदललेला पार्ट परत मागा, पक्कं बिल घ्या. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पण माझ्या हातात पुरावा म्हणून वहीचं एक पान आहे.

मी त्या दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा त्याने बोलणंच टाळलं. साडेपाच हजार मी कसेतरी भरून काढीन. तांड्यावरून चालत आलेल्या एका मावशींना मात्र मी “उद्या या” म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, सेंटर बंद बघून गेल्या, आणि त्यांच्या दोन एकर हरभऱ्याचा विमा राहिला तो राहिलाच.