करारावरचे ब्रॉयलर, स्वतःचे ब्रॉयलर की गावरान? मुरबाड-शहापूरच्या लहान शेतकऱ्यासाठी तुलना

भाताची एक-दोन खाचरे आणि घरामागे थोडी वरकस जमीन असलेला मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील शेतकरी कोंबडीपालनाचा विचार करू लागला की त्याच्यापुढे तीन वाटा असतात: कंपनीशी करार, स्वतःच्या भांडवलावर ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या, झटपट वाढणाऱ्या कोंबड्या), किंवा गावरान पक्ष्यांचा लहान कळप.

करारात एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे आणि देखरेख कंपनीची असते. शेड, पाणी, वीज, जमिनीवर अंथरायचे भाताचे तूस आणि राबणारी माणसे आपली. पक्षी कंपनीच्याच मालकीचे राहतात आणि आपल्याला जिवंत वजनावर किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. चर्चा बहुधा या दराचीच होते. माझ्या मते मात्र वर्षात किती बॅच निघतात, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. उदाहरणादाखल 3,000 पिल्ले, 5 टक्के मरतुक, सरासरी 2 किलो वजन आणि किलोमागे 7 रुपये धरले, तर 5,700 किलोंचे 39,900 रुपये होतात. तूस, वीज, ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देणे) आणि मजुरीचे 14,900 वजा केल्यास बॅचमागे 25,000 हाती राहतात. आता 3,600 चौरस फुटांच्या शेडसाठी 6 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने 7 वर्षांसाठी घेतले असेल, तर वर्षाचे हप्ते सुमारे 1 लाख 23 हजार भरावे लागतील. सहा बॅच निघाल्या तर सत्तावीसेक हजार उरतील, पाच निघाल्या तर जेमतेम तोंडमिळवणी होईल आणि चारच निघाल्या तर घरातून पैसे घालावे लागतील. हे आकडे गृहीत आहेत, स्वतःचे घालून पाहावेत. पण बाजार पडला की पिल्ले सोडायला उशीर करणे कंपनीच्या हातात असते आणि रिकाम्या शेडचा हप्ता काही थांबत नाही.

दुसरी मेख एफसीआरची, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले याची. ठरलेल्या उत्पादनखर्चापेक्षा आपला खर्च कमी आला तर प्रोत्साहनपर रक्कम मिळते, जास्त आला तर कपात होते. पिल्ले कमकुवत आली किंवा तयार माल उचलणारी गाडी चार दिवस उशिरा आली, तरी वाढलेले खाद्य आपल्याच खात्यावर पडते. म्हणून आलेल्या खाद्याच्या गोणी स्वतः मोजून घ्याव्यात आणि वजनाच्या वेळी, मग ती रात्री दोनची असली तरी, काट्याजवळ उभे राहावे.

स्वतःच्या ब्रॉयलरमध्ये ही बांधीलकी नाही, पण भांडवल लागते. दोन किलोच्या पक्ष्याला साधारण 3.3 किलो खाद्य लागते. खाद्य 40 रुपये किलो आणि पिल्लू 35 रुपये धरले, तर 3,000 पक्ष्यांत सुमारे 5 लाख रुपये गुंततात. भाव किलोमागे 10 रुपयांनी चढला तर एका बॅचला 57,000 जास्त मिळतात आणि पडला तर तेवढेच जातात. गटारीला उठाव आणि श्रावणात मंदी हे गणित सर्वांनाच ठाऊक असते, त्यामुळे त्या हिशेबाने पिल्ले सोडणारे आपण एकटे नसतो. 2020 च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो या अफवेने भाव कोसळले, तेव्हा स्वतःचा माल असलेल्यांना तोटा थेट सोसावा लागला. 2022 च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला आणि एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी करारातल्या शेतकऱ्याचे पक्ष्यांत गुंतलेले भांडवल बुडत नाही, मात्र बॅच त्याचीही चुकते.

गावरान किंवा गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींना विक्रीयोग्य व्हायला ब्रॉयलरपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात आणि मुंगूस, रानमांजर यांचा त्रास असतो. पण दोन-तीनशे पक्ष्यांना मोठी शेड लागत नाही, आणि कल्याण-ठाण्याकडच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट विकता आले तर भाव आपण सांगतो. ओळख नसेल तर हा पर्याय कागदावरच बरा दिसतो.

पाण्याचा विचार तिन्हींत करावा लागतो, पण 3,000 ब्रॉयलर शेवटच्या आठवड्यात, उन्हाळ्यात, दिवसाला हजार लिटरहून अधिक पाणी पितात. भातसा आणि तानसा धरणे शहापुरातच असून त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मात्र एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. बोअरवेल मेअखेर टिकत नसेल तर उन्हाळी बॅच धरूच नये. पावसाळ्यात तूस ओलावले की अमोनिया आणि रक्ती हगवण मागे लागतात. म्हणून नव्या भाताच्या हंगामात गिरणीतून पुढच्या पावसाळ्याचेही तूस भरून ठेवणे स्वस्त पडते.

शेडचा बराचसा खर्च घरातून होत असेल आणि घरातले दोघे राबणारे असतील, तर मी करार निवडेन. संपूर्ण शेड कर्जावर उभारायची असल्यास गावरानच्या लहान कळपापासून सुरुवात करणे मला अधिक सुरक्षित वाटते. स्वतःचे ब्रॉयलर त्यानेच करावेत, ज्याला एक पूर्ण बॅच बुडाली तरी दुसरी सोडता येईल. करारावर सही करण्यापूर्वी त्याच कंपनीच्या दोन जवळच्या शेतकऱ्यांकडून मागील वर्षभराच्या हिशेबपावत्या पाहाव्यात, आणि दराआधी माल उचलल्याची तारीख आणि पुढची पिल्ले आल्याची तारीख यांच्यातले दिवस मोजावेत.