कोऱ्या लेटरहेडवर सही मागणारी 'लीगल ऑफिसर'ची नोकरी

वकिलीची नवीन सनद हातात आलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. पुण्यात काही लोक 'बँकांच्या पॅनेलवर (म्हणजे बँकेच्या वकिलांच्या यादीत) लीगल ऑफिसर पाहिजेत' म्हणून बोलावतात. पॅनेल नोंदणीचे म्हणून माझ्याकडून ८,५०० रुपये घेतले. त्यापेक्षा भयंकर गोष्ट पुढे आहे.

सिनिअर वकिलाकडे बसलं तर सुरुवातीला खोलीभाडंही निघत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारसच. घरून पैसे मागवायची लाज वाटणाऱ्या मुलांना हे लोक बरोबर हेरतात. महिना पंचवीस हजार पगार, पूर्णवेळ काम, 'आणि सनदही चालू ठेवा मॅडम.' इथेच सावध व्हा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते.

मग सनदेची झेरॉक्स, शिक्का आणि सह्या केलेली कोरी लेटरहेड मागितली. 'नोटिसा वेळेत निघायला हव्यात, रोज कुठे सह्या करत बसणार?' पगार आलाच नाही. आला तो बार्शीच्या एका कर्जदाराचा फोन. रडत होते बिचारे. 'मॅडम, पोरीचं लग्न आहे हो, अटक तेवढी थांबवा.' माझ्या नावाच्या नोटिशीत ४८ तासांत अटकेची धमकी होती. मी ती लिहिलेली नव्हती, पाहिलेलीही नव्हती. नुसतं कर्ज थकलं म्हणून वकिलाच्या नोटिशीने अटक होत नाही, हे त्यांना सांगताना माझाही आवाज कापत होता. अशा किती घरांत माझ्या नावाची भीती गेली असेल!

तोवर ऑफिसला कुलूप लागलं होतं. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घेतली आणि तिची प्रत महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला पाठवली. उद्या कुणी ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार केली, तर उत्तर मलाच द्यावं लागणार आहे.

तुमची लेटरहेड कुणाकडे पडून असतील तर आजच लेखी पत्राने परत मागा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.