चेनसॉ ठेवून देताना: टाकी रिकामी की स्टॅबिलायझर घालून भरलेली?

पहिला मार्ग: टाकी रिकामी करायची, मग इंजिन आयडलवर (रेस न देता, मंद वेगात) आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवून कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपवायचं. दुसरा: पेट्रोल-तेलाच्या ताज्या मिश्रणात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं रसायन) घालून टाकी भरायची आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. (हे चालवणंच नेमकं राहून जातं.)

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. स्टॅबिलायझरने पेट्रोल उशिरा शिळं होतं, पण आत शिरलेलं पाणी काही निघत नाही. त्यामुळे पंपावरचं पेट्रोल असेल तर माझं मत रिकाम्या टाकीला. खोट एकच, कोरडा पडलेला डायफ्रॅम (कार्ब्युरेटरमधला लवचीक पडदा) कधीकधी कडक होतो. इथेनॉल नसलेलं इंधन असेल तर मात्र भरलेली टाकी बिनधास्त ठेवा.

मिश्रण लागेल तेवढंच बनवावं; ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल.

टाकी उपसताना इंजिन थंड हवं, जागा मोकळ्या हवेची. आयडलवर चालवताना चेन ब्रेक लावलेला असू द्या. ब्रेक काढल्यावर आयडललाच चेन सरकत असेल, तर आधी आयडल स्क्रू फिरवून आयडलचा वेग कमी करा. तशा अवस्थेत करवत लाकडाला लावायची नाही.