फाटलेला रोटेटर कफ: दुसरे स्टिरॉइड इंजेक्शन की थेट शस्त्रक्रिया?

रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे स्नायुबंध, फाटल्याचे एमआरआयमध्ये दिसले आहे, एक इंजेक्शन घेऊन झाले आहे, त्याचा गुण ओसरत चालला आहे आणि आता दुसरे घ्यावे की शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी, अशा पेचात असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. हा निर्णय मला स्वतःला घ्यावा लागला होता.

पहिल्या इंजेक्शनाने मला खरोखरच आराम दिला. दुखऱ्या कुशीवर झोपता येऊ लागले, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना दुसऱ्या हाताचा आधार लागेनासा झाला आणि फिजिओथेरपीचे व्यायाम दात-ओठ न खाता होऊ लागले. मधुमेहामुळे त्या आठवड्यात उपाशीपोटीची साखर चढलेली राहिली, पण तेवढे मी सहज सोसले असते.

माझा निर्णय फिरवला तो निराळ्याच अडचणीने. शस्त्रक्रियेआधीच्या महिनाभरात इंजेक्शन घेतले असल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असे रुग्णांच्या मोठ्या नोंदींवरून दिसून आले आहे. कृत्रिम सांधा बसवायचा असेल तर ३ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो आणि अनेक सर्जन कफच्या दुरुस्तीलाही तेवढेच अंतर ठेवतात. माझ्या सर्जननीही तेच ठेवले होते. आराम मात्र त्याच्या कितीतरी आधी संपला. औषध उतरलेले, तारीख मिळत नाही, आणि रात्री उशांना टेकून बसल्या-बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप, अशा अवस्थेत काढलेला तो काळ मला मूळ दुखण्याहून अधिक जाचला. दुसरे इंजेक्शन म्हणजे तीच प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. शिवाय स्टिरॉइडमुळे दाह कमी होतो, फाटलेला स्नायुबंध जोडला जात नाही. फाट मोठी असेल तर दरम्यान स्नायूत चरबी साठत जाते आणि ती पुढे सहसा मागे हटत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात दोन किंवा अधिक इंजेक्शने घेतलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. अर्थात, त्यांचे खांदे मुळातच अधिक बिघडलेले असू शकतात, त्यामुळे सारा दोष इंजेक्शनांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

शस्त्रक्रिया सोपी नाही. चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये राहतो, सुरुवातीच्या रात्री अवघड जातात आणि व्यायाम कित्येक महिने चालतात. तरीही त्या दुखण्याला दिशा होती, आणि मला ते मानवले. नंतर खांदा फार आखडलाच तर साधारण ८ आठवड्यांनी दिलेल्या इंजेक्शनाने वेदना कमी झाल्या आणि दुरुस्ती पुन्हा फाटण्याचे प्रमाण वाढले नाही, असे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे आज इंजेक्शन टाळले तरी तो उपाय पुढे उपलब्ध राहतो.

दुखणे फ्रोजन शोल्डरचे, म्हणजे सांध्याचे आवरण आखडून खांदा जखडल्याचे असेल तर माझा कौल उलट आहे. २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शनासह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया यांपैकी कोणताच उपाय वर्षाअखेरीस ठळकपणे सरस ठरला नाही, तेव्हा तिथे आधी सुई बरी.

कफ फाटलेला असूनही दुसरे इंजेक्शनच घ्यायचे ठरले, तर ते टोचण्यापूर्वी त्यानंतरची शस्त्रक्रियेची सर्वांत लवकरची तारीख सर्जनकडून केसपेपरवर लिहून घ्यावी.