तिरपा टाइप की एकेरी अवतरणचिन्ह?

मराठी मजकुरात पुस्तकाचे किंवा कथेचे नाव वेगळे दाखवायचे असेल, तर ते इटॅलिकमध्ये, म्हणजे तिरप्या अक्षरांत टाकावे की एकेरी अवतरणचिन्हांत घ्यावे? मी काही वर्षे पहिला मार्ग धरला होता आणि नंतर दुसऱ्याकडे वळलो.

व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने 1501 मध्ये रोमन कवी व्हर्जिलचे काव्य इटॅलिक टाइपात छापले, तेव्हा त्याचा हेतू एखाद्या शब्दावर जोर देण्याचा नव्हता. अख्खे पुस्तकच तिरपे होते आणि फ्रान्चेस्को ग्रिफोने ती अक्षरे हस्ताक्षराच्या वळणावर कोरली होती. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत अशी वेगळी अक्षरे नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअर सरळ अक्षरच उजवीकडे झुकवते. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो, आणि शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी येऊन लगेच कंस आला, तर दोन्ही एकमेकांना भिडतात. तरीही एवढ्यावरून मी इटॅलिक सोडले नसते, कारण अवतरणचिन्हांची गर्दी नसलेले पान डोळ्यांना निवांत वाटते.

सोडले ते एका लेखामुळे. त्यात कथांची नावे मी तिरपी केली होती आणि मजकूर ईमेलमध्ये चिकटवून पाठवला, तेव्हा सगळा तिरपेपणा वाटेतच गळून पडला. एका कथेचे नाव होते 'संध्याकाळ'. छापून आले ते असे: काल संध्याकाळ वाचून संपवली. वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक असल्याने मुद्रितशोधनातही कोणाला शंका आली नाही. कथा मात्र नाहीशी झाली होती आणि वाचनात घालवलेली एक संध्याकाळ तेवढी उरली होती. तिरपेपणा हा अक्षरांवर चढवलेला साज आहे, तर अवतरणचिन्ह मजकुराचाच भाग असते. फॉन्ट बदलला, मजकूर दुसरीकडे नेला, तरी ते शब्दाबरोबर जाते.

अवतरणचिन्हांतही एक अडचण आहे, ती मान्य करायला हवी. एखाद्याला 'तज्ज्ञ' असे चिन्हांत लिहिले, की त्याच्या ज्ञानाविषयी शंका घेतल्यासारखे होते. म्हणून जोर देण्यासाठी मी ती वापरत नाही. पण त्या कामासाठी मराठीला इटॅलिकचीही फारशी गरज पडत नाही, असे माझे मत आहे. 'मीच सांगितले होते' आणि 'मी सांगितलेच होते' यांतला फरक एकटा 'च' दाखवतो.

रोमन लिपीत जीवजातींची शास्त्रीय नावे लिहिताना इटॅलिकचा संकेत पाळावाच लागतो आणि मीही तो पाळतो. देवनागरीत मात्र, लेख चार हातांतून जाणार असेल, तर कदाचित तुम्हालाही अवतरणचिन्हेच अधिक भरवशाची वाटतील.