स्कॅनर घ्यावा की मदतीचं टेबल मांडावं?

तालुक्याच्या वाचनालयाकडे थोडे पैसे शिल्लक पडले की समितीत दोन गट पडतात. एक म्हणतो, जुनी पुस्तकं स्कॅन करू. दुसरा म्हणतो, मदतीचं टेबल मांडू: दोन संगणक आणि शिकवायला एक माणूस ठेवू.

स्कॅनिंग वाटतं तितकं सोपं नाही. पिवळी पडलेली पानं सपाट दाबली की शिवणीपाशी तुटतात. फोटो निघाला तरी शोधता येईल असा मजकूर वेगळा काढावा लागतो, आणि तिथे ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ होतो. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. म्हणजे मुद्रितशोधक आलाच. शिवाय लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे वाचकांना हवी असलेली बरीच पुस्तकं नेटवर खुली ठेवताच येत नाहीत. हां, गावचं जुनं साप्ताहिक किंवा स्मरणिका दुसरीकडे कुठेच नसेल, तर तेवढं आधी करावं.

टेबलाचा उपयोग मात्र पहिल्या दिवसापासून. सातबारा काढणं, डिजिलॉकर उघडणं, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो खरा की जुनाच फिरवलाय ते तपासणं. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, एवढं कळलं तरी कुणाची तरी पेन्शन वाचेल. अडचण एकच: संगणक देणगीत मिळतो, शिकवणाऱ्याचा पगार नाही. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात कर्मचाऱ्यांचंच मानधन तुटपुंजं.

माझं मत टेबलाला. संगणक एकच घ्या, उरलेले पैसे माणसावर घाला.