डोक्याला पटतं, मनाला नाही: मग वाद घालावा, विचारावं की अनुभवायला लावावं?

आपली समजूत चुकीची आहे हे मान्य करूनही समोरचा माणूस म्हणतो, "कळतं हो सगळं, पण मनाला पटत नाही." नव्याने समुपदेशन करू लागलेल्यांची गाडी या वाक्यापाशी हमखास अडते. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या खोलीत मीही अडले आहे.

पहिला मार्ग थेट वादाचा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात (REBT) त्रास देणाऱ्या समजुतीलाच हात घालतात: पुरावा काय? तर्काला धरून आहे का? ही समजूत धरून तुमचं भलं होतंय का? मराठीत दुराग्रह पुष्कळदा एका 'च'मध्ये सापडतो. "ऐकायला हवं" ही इच्छा, "ऐकायलाच हवं" ही मागणी. ज्याला मुद्देसूद बोलायला आवडतं, त्याच्यासाठी हाच मार्ग घ्या.

घोडबंदर रोडवरून एक ताई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलाने न सांगता इंजिनीअरिंग सोडलं होतं. "त्याने मला सांगायलाच हवं होतं. मी आई म्हणून नापास." मी तिन्ही प्रश्न विचारले. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी अचूक उत्तरं दिली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य. घाई माझी झाली होती.

दुसरा मार्ग विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरणात्मक मुलाखतीचा. यात विरोधाशी झुंजायचं नाही, तो समजून घ्यायचा. मी विचारलं, "हा दोष स्वतःकडे घेणं सोडलंत, तर काय गमवाल?" बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "मग मी बेफिकीर आई ठरेन ना." ती समजूत म्हणजे त्यांच्या मायेचा पुरावा होता! तो मी हिसकावत होते. या मार्गाला वेळ लागतो, पण भावनेने अडलेल्या माणसाबरोबर मी आता इथूनच सुरुवात करते.

तिसरा कल्पनाचित्रणाचा. डोळे मिटून तोच प्रसंग आणायचा, अपराधीपणा पुरता वर येऊ द्यायचा. मग प्रसंग न बदलता भावना खंतीपर्यंत उतरवायची आणि मनाशी काय म्हणून ती उतरली, ते विचारायचं. घरी रोज थोडा सराव. मनाला पटण्यासाठी मला हाच सर्वांत उपयोगी वाटतो, पण दुसऱ्यानंतर. जुना आघात असेल तर अनुभवी देखरेखीशिवाय करू नका. आत्महत्येचे विचार असतील तर आधी सुरक्षितता आणि मानसोपचारतज्ज्ञ.

ताईंनी तीनेक आठवडे सराव केला. एकदा डोळे उघडून हळूच म्हणाल्या, "त्याने मला सांगायला हवं होतं." 'च' गळला होता. मी काहीच बोलले नाही, पाण्याचा पेला पुढे केला.